हिरव्या दाराच्या घरात एकाचीच जागा

सतरा वर्षं मी मुलं निवडली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी पावणेअकराला, डोक्यावर पिसाची टोपी, हातात लांब दांड्याची छत्री आणि चेहऱ्यावर असा भाव की जगात मला कोणी खूश करूच शकणार नाही. हा भाव आणायला मला फार कष्ट पडत नाहीत, असं डेरिक म्हणतो. डेरिक आमच्या संग्रहालयाचा कर्ताधर्ता. शाळेची सहल आली की तोच डोक्यावर लोखंडी टोप चढवून हवाई हल्ल्याचा पहारेकरी होतो. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. चाळीस वर्षं ओळखते त्याला.

संग्रहालय कसलं, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आणि त्याला लागून असलेला गावचा हॉल. आमच्या हॅदरक्लफ गावात दाखवण्यासारखं तेवढंच आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरांवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिथली मुलं गाडीत बसवून आमच्या गावाला पाठवली होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी गॅसपासून वाचवणाऱ्या मुखवट्याचं खोकं, हातात एक पेटी. आईबाप शहरातच. मुलांना या हॉलमध्ये रांगेनं उभं करायचं आणि गावातल्या बायकांनी येऊन हवं ते पोर उचलून घरी न्यायचं. आता शाळेची मुलं तसेच कपडे घालून येतात आणि दिवसभर ती मुलं होतात. चरबी लावलेला पाव खातात, गाजराचे बन खातात, भोंगा वाजला की तळघरात पळतात. पण खरा जीव निवडीत. आणि निवड माझ्याकडे होती.

मी रांगेतून फिरायचे. याचे दात बघ, त्याचा दंड चाचप, हिला विचार की डोक्यात उवा तर नाहीत ना. मुलं खुदुखुदु हसायची. मग एकेक जण निवडून बाजूला जायचं आणि हसणं कमी व्हायचं, कारण शेवटी कोणीतरी एकटं उरायचं. त्याला मी मुद्दाम मिनिटभर तसंच उभं ठेवायचे. हॉलमध्ये चिडीचूप. शिक्षिका डोळे पुसायच्या, नंतर आभाराची पत्रं यायची, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

सगळ्यात हमखास लागू पडायची ती भावंडांची जोडी. रांगेत कोणी सख्खे भाऊबहीण आहेत का, असं विचारायचं. असले तर एकाला घ्यायचं आणि दुसऱ्याकडे बघून म्हणायचं, ‘माझ्याकडे एकाचीच जागा आहे.’ हे वाक्य मी स्वतः घातलं होतं. मग निवडलेल्या पोराच्या हातात घराची चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीवर खोटा पत्ता कशाला शोधत बसा, म्हणून मी पहिल्याच वर्षी माझाच घालून ठेवला: चार नंबर, वीव्हर्स रो. हॉलच्या खिडकीतून माझं घर दिसतं, त्यामुळे दाखवायलाही बरं.

एक खूण मात्र ठरलेली होती. एखाद्या मुलाला फार झालं, रडू आवरेना, तर शिक्षिकेनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायचा. की आम्ही तिथल्या तिथे खेळ थांबवायचा. सतरा वर्षांत ती खूण पाच-सहा वेळा झाली असेल. प्रत्येक वेळी आम्ही थांबलो.

तो मार्चमधला मंगळवार होता. डोंगरापलीकडच्या एका लहान शाळेची अठ्ठावीस मुलं आली, सहा ते नऊ वर्षांची सगळी एकत्र. त्यांच्या शिक्षिका मिस बार्कर म्हणजे अगदी पोरसवदा, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. बसमधून उतरताच माझ्याकडे आली.

“मिसेस हॅलस, दोन मिनिटं बोलायचं होतं. दोन मुलांबद्दल.”

“जेवताना बोलू. आधीच तुमची बस वीस मिनिटं उशिरा आलीये.”

“जेवणाआधी बोललेलं बरं होतं.”

“बाळ, मी हे तू जन्मायच्या आधीपासून करतेय,” मी म्हटलं. ते खरंही नव्हतं. पण मला टोपी नीट बसवायची होती.

निवड सुरू झाली. दोन-तीन पोरांचे दात बघून झाले. मग मी नेहमीसारखी छत्री आपटली आणि विचारलं, “तुमच्यात सख्खे भाऊबहीण आहेत का कोणी?”

कोणी हात वर केला नाही. पण मागून एका पोरानं बोट दाखवलं. “मिस, कीली आणि जूड आहेत. ते सख्खे आहेत.”

कीली नऊ वर्षांची. काटकुळी, कपाळावरचे केस तिनं स्वतःच कात्रीनं कापलेले असावेत असे वेडेवाकडे. जूड सहा वर्षांचा. आमच्या पेटाऱ्यातली टोपी त्याच्या कानांवर आली होती. त्यानं बहिणीच्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं. हात नाही, बाहीच.

“नाव काय?”

“कीली ब्रेथवेट. हा जूड.”

“त्याला जीभ नाही वाटतं?”

“आहे. तो नव्या माणसांशी लगेच बोलत नाही.”

“भांडी घासता येतात तुला?”

“येतात.”

“केर काढायला?”

“येतं. कपड्यांच्या घड्या पण येतात.”

“ही चालेल,” मी हॉलकडे बघून म्हटलं. “हिला घेते. ते दुसरं राहू दे इथंच. माझ्याकडे एकाचीच जागा आहे.”

इथे मुलं ‘ऊं’ करतात. त्या दिवशीही केलं. कीलीनं मात्र काही केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू, मोठ्या माणसाशी व्यवहाराचं बोलावं तशी बोलायला लागली.

“तो फार जागा घेत नाही.”

“एकच म्हटलं ना मी.”

“तो खातो पण कमी. आधी अंथरूण ओलं करायचा, पण आता नाही करत. नाताळपासून एकदाही नाही.” मुलं हसली. जूडनं टोपी आणखी खाली ओढली. “मी जमिनीवर झोपेन. पलंग त्याला द्या. नाहीतर मला घेऊच नका, त्याला घ्या. मला कुठेही ठेवलं तरी चालतं.”

काय पोरगी आहे, मला वाटलं. सतरा वर्षांत असं काम कोणी केलं नव्हतं. डेरिक दारात उभा होता, त्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पोरांचं हसणं थांबलं होतं. कीलीनं माझ्या छत्रीचं टोक धरलं होतं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

“मिसेस हॅलस, प्लीज. मी काहीही करेन.”

तेव्हा भिंतीजवळ मिस बार्करनं डोक्यावर हात ठेवला.

मला दिसला तो. हे मी नंतर कोणालाही सांगितलं नाही, पोलिसांना नाही, डेरिकलाही नाही. मला हात स्पष्ट दिसला आणि मनात आलं, आणखी अर्धं मिनिट, एवढं रंगलंय तर. मी वाकले आणि जूडची बोटं बहिणीच्या बाहीवरून सोडवली. एकेक. घट्ट होती.

“नाही म्हणजे नाही,” मी म्हटलं. मग चिठ्ठी कीलीच्या हातात कोंबली आणि खिडकीतून छत्रीनं दाखवलं. “हे घे. चार नंबर, वीव्हर्स रो. कालव्याच्या काठानं सरळ जायचं, हिरवं दार. मागचं दार उघडंच असतं. पण पाय पुसून आत यायचं, सांगून ठेवते.”

डेरिकनं शिट्टी वाजवली, खेळ संपला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपी काढून नेहमीचं बोलले, की हे सगळं नाटक होतं बरं का, मी तशी वाईट बाई नाही. कीलीनं टाळी वाजवली नाही. तिनं चिठ्ठीची घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत मिस बार्कर मला स्वयंपाकघरात गाठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“मी डोक्यावर हात ठेवला होता.”

“मला नाही दिसला.”

“तुम्ही माझ्याकडेच बघत होता.”

“एवढ्या गर्दीत काय दिसणार, बाळ. झालं काय?”

मग तिनं सांगितलं. आईला ती दोघं सांभाळता येत नव्हती, म्हणून सरकारी खात्यानं त्यांना एका कुटुंबाकडे ठेवलं होतं. दीड वर्ष बरं चाललं. गेल्या महिन्यात त्या घरातल्या बाईचं अर्धं अंग गेलं. दोघांना एकत्र घेणारं दुसरं घर काही मिळेना. आज शाळा सुटायच्या वेळी दोन गाड्या येणार होत्या. जूडला ग्रिम्स्बीला, कीलीला कार्लाइलला. म्हणजे देशाची दोन टोकंच म्हणा.

“त्यांना माहीत आहे हे?”

“कीलीला काल सांगितलंय. जूडला अजून नाही.”

“आणि तुम्ही त्यांना आज इथं आणलंत? इथं?”

“शेवटचा दिवस दोघांचा एकत्र जावा, मजेत जावा, असं सगळ्यांना वाटलं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “म्हणून तर मी आल्या आल्या तुम्हाला सांगायला…”

मी तिच्यावर भडकले. अक्कल आहे का तुमच्या शाळेला, असं काय काय बोलले. माझी चूक होती, म्हणूनच मी तेवढी ओरडत होते. मग ठरवलं, भोंग्याचा कार्यक्रम झाला की त्या पोरीला बाजूला घ्यायचं, माफी मागायची. काय बोलायचं तेही मनात जुळवायला लागले. नुसतं ‘चुकलं माझं’ म्हणायचं, की आणखी काही, ते सुचेना.

एक वाजता डेरिकनं भोंगा फिरवला. हा भोंगा खराखुरा आहे, हातानं फिरवायचा. मुलं खोकी छातीशी धरून तळघरात पळाली. दिवे घालवले. दहा मिनिटं अंधारात बसवून, गाणी म्हणवून घेऊन, ‘धोका टळला’चा एकसुरी आवाज केला. मुलं डोळे चोळत वर आली आणि मिस बार्करनं मोजली. पुन्हा मोजली.

सव्वीस होती.

संडासात बघितलं. पेटाऱ्यांच्या खोलीत, तिकीटघरात, बसमध्ये. बसच्या चालकानं बसखाली वाकून बघितलं. डेरिक लोखंडी टोप काढायचा विसरून फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेला. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मिस बार्कर हाका मारत होती, “कीली, जूड, खेळ संपला, बाळांनो, खेळ संपला,” आणि बाकीच्या मुलांतली काही अजूनही समजत होती की हाही खेळातलाच भाग आहे.

टोपी मला सापडली. हॉलच्या मागे पाच पावलांवर कालवा आहे. गेल्या हिवाळ्यात पाणी अडवायचं वरचं फाटक फुटल्यापासून तिथलं पाणी माणसाच्या डोक्यावरून जातं. काठाच्या कडेला, पाण्यात, गवताला अडकून ती टोपी तरंगत होती. आतून मी स्वतःच शिवलेली पट्टी दिसत होती, आमच्या संग्रहालयाचं नाव असलेली.

मी पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. मांडीपर्यंत गेले, मग कमरेपर्यंत, छत्रीनं तळ चाचपत होते. छत्री कशाला तरी लागली की माझा जीव जायचा, आणि ते कधी दगड निघायचं, कधी सायकलचं चाक. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. पोलीस आले तेव्हा एका दांडग्या पोरानं मला काखेत धरून बाहेर ओढलं. दोन-चार गावकरी लांब काठ्या घेऊन आले. मिस बार्कर काठावर बसून होती, ती टोपी मांडीवर घेऊन. ती आता रडत नव्हती, नुसती पिळत होती टोपी, पुन्हा पुन्हा, पाणी निघून गेलं तरी.

“डोरीन, घरी जा,” डेरिक म्हणाला. “कपडे बदल. तू इथं मेलीस तर मला आणखी एक काम.”

मी गेले कारण माझे दात वाजत होते आणि मला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. काठाकाठानं चालत, पाण्यावरची नजर न काढता गेले. मागच्या अंगणात शिरले.

पायपुसण्यावर बुटांचे दोन जोड होते. टाचा भिंतीला लावून, नीट ओळीत.

आतून नळाचा आवाज येत होता.

कीली सिंकपाशी स्टुलावर उभी होती. माझी सकाळची कपबशी, आदल्या दिवशीचं जळकं पातेलं, सगळं घासून फडक्यावर पालथं घातलेलं. केर काढून कोपऱ्यात गोळा केला होता, सुपली सापडली नसावी. माझ्याकडे वळून बघितल्यावर तिनं पहिल्यांदा माझे ओले कपडे बघितले आणि मग फरशीवर पडणारे थेंब.

“मी पुसून घेईन ते,” ती म्हणाली.

“जूड कुठाय?”

“वर झोपलाय. मिसेस हॅलस, मी मोजून बघितलं. आम्ही दोघंही मावतो. त्याला भिंतीकडे घातलं की तो लाथा मारत नाही. मी कडेला झोपते. पलंग एकाचाच आहे, पण मावतो आम्ही.”

मी पुढे होऊन नळ बंद केला. तिला वाटलं मी चिडले.

“त्याची टोपी वाऱ्यानं उडाली. ती तुमची होती ना? मी काढायला बघत होते, पण तो घाबरला. मी भरून देईन.”

“टोपी मरू दे,” मी म्हटलं.

वर जाऊन बघितलं. जूड पाहुण्यांच्या खोलीत, भिंतीला नाक लावून झोपला होता, गळ्यातली चिठ्ठी तशीच. सहा वर्षांच्या मुलाला किती जागा लागते. मी दार ओढून घेतलं, खाली आले, अंगावर कोट चढवला आणि पाव भाजायला ठेवला.

बाहेर लोक कालव्यात काठ्या घालत होते. डेरिक, मिस बार्कर, तो दांडगा पोलीस, सगळे. मला माहीत होतं. फोन भिंतीवर होता, हात लांब केला तर पोचेल इतका. मी तो उचलला नाही. मी पावाला लोणी लावलं, मुरंबा लावला, कीलीसमोर ठेवला, आणि ती खात असताना तिच्याकडे बघत बसले. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात सगळं घर लावून टाकलं. वरच्या खोलीत आणखी एक पलंग कसा बसेल, कपाट कुठे सरकवायचं, शाळेत कोणाला भेटायचं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी सहासष्ट वर्षांची, एकटी, तापट बाई. पण त्या दहा मिनिटांत ती दोघं माझी होती.

कीलीनं अर्धा पाव ताटलीत ठेवला. “हा त्याला.”

“त्याला दुसरा देऊ.”

“मग आम्ही राहतोय?”

मी फोन उचलला.

मिस बार्कर धावत आली ती पायातला एक बूट काठावर टाकूनच. कीलीला तिनं जवळ घेतलं तर पोरगी लाकडासारखी उभी. डेरिक दाराबाहेरच थांबला. टोप काढून हातात धरला होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तू केव्हाची घरी आलीस डोरीन?” मी म्हटलं, “आत्ताच.” त्यानं आतली अर्ध्या पावाची ताटली बघितली आणि टोप पुन्हा डोक्यावर चढवला.

दोन गाड्या मग शाळेऐवजी माझ्याच दारात आल्या. खात्याची बाई वयानं माझ्या मुलीएवढी, मला मुलगी असती तर. दमलेली होती. वाईट नव्हती.

“दोघं माझ्याकडे राहू देत,” मी तिला म्हटलं. “आजपासून. खोली आहे.”

“तसं नाही होत, मिसेस हॅलस. अर्ज असतो, चौकशी असते. सहा-आठ महिने लागतात.”

“मग तोवर त्यांना एकत्र ठेवा.”

“कुठे?” ती म्हणाली.

जूडला झोपेतून उठवून खाली आणलं. कुठे जायचं ते त्याला अजून नीट कळलं नव्हतं. कीलीला कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, सकाळी हॉलमध्ये बघितलं होतं तसंच, आणि पुन्हा त्याच हळू आवाजात म्हणाली, “मग त्याला ठेवा. मी जाते. एकाची जागा आहे म्हणालात ना? त्याला ठेवा.”

“बाळा, ते नाटक होतं.”

“पण खोली तर आहे.”

तिनं त्याच्या कोटाची बटणं लावली, वरचं घशाला टोचतं म्हणून उघडं ठेवलं. पहिली गाडी त्याची. त्यानं तिच्या बाहीचं टोक धरलं होतं. ती बोटं या वेळी तिनं स्वतःच सोडवली. एकेक. सकाळी बघून शिकली होती.

मी दुसऱ्या दिवशी अर्ज केला. ‘किती मुलं’ या रकान्यात ‘दोन’ लिहिलं आणि खाली दोघांची नावं लिहिली, जागा नव्हती तरी. निवडीचं काम सोडलं. डेरिकनं कारण विचारलं नाही. आता शेजारच्या गावची एक बाई करते, छान करते म्हणे. माझं वाक्य तिनं ठेवलंय.

चौकशीला येणारे येत राहिले. माझ्या बालपणापासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळं विचारून झालं. त्या मंगळवारबद्दलही विचारलं. शिक्षिकेची खूण तुम्हाला दिसली नव्हती ना? नाही, मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. मग एक माणूस फीत घेऊन आला आणि वरची खोली मोजून गेला. मी त्याला सांगितलं, माझी खोली एकाला देते, मी खाली सोफ्यावर झोपेन, झोप मला तशीही येत नाही. तो म्हणाला, तसं चालत नाही, सांभाळणाऱ्याला स्वतःची खोली लागते. मुलगा आणि मुलगी, या वयाची, एका खोलीत चालत नाहीत. मी त्याच्याशी तासभर भांडले. त्यानं चहा संपवला आणि लिहून नेलं.

नोव्हेंबरमध्ये खात्याच्या त्या बाईचा फोन आला. आवाजात आनंद होता तिच्या.

“मिसेस हॅलस, मंजूर झालं. पण एकाच मुलासाठी. तुमच्याकडे एकाचीच जागा आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकताय ना? दोघांपैकी कोणाला घ्याल? ग्रिम्स्बीचं घरही बदलायचंय आणि कार्लाइलचंही. आज सांगितलंत तर बरं.”

सतरा वर्षं मला निवडायला कधी अर्धं मिनिट लागलं नव्हतं. त्या दिवशी ती बाई दोनदा ‘हॅलो’ म्हणाली. मग मी म्हटलं, जूड. कीलीनंच तसं सांगितलं होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगते. बहुतेक दिवस मला ते पटतंही.

कीलीला आता तिसऱ्या घरी ठेवलंय, आणखी उत्तरेला. भेटायला जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. सुट्टी लागली की मी जूडला घेऊन जाते, ती दोघं एका बाकावर बसतात आणि फारसं बोलत नाहीत. दर रविवारी चार वाजता तिचा फोन येतो. आधी माझ्याशी बोलते, मग त्याच्याशी. माझ्याशी एकच बोलायचं असतं तिला.

“तो भिंतीकडेच झोपतो ना?”

“हो.”

“मग ठीक आहे.”

मी त्याला खूपदा सांगितलं, बाळा, मधोमध झोप, सगळा पलंग तुझा आहे. तो मान हलवतो. सकाळी मी अंथरूण आवरायला जाते तेव्हा भिंतीकडची अर्धी चादर चुरगळलेली असते. कडेची अर्धी मी आदल्या दिवशी घातली होती तशीच असते, म्हणून तिला मी हात लावत नाही.